एकाच बसवरचे तापमान सेन्सर: सेल्फ-हीटिंग आधी मोजा, कॅलिब्रेशन नंतर करा

एका वायरवर, म्हणजे एकाच सामायिक ‘बस’वर, आठ-दहा डिजिटल तापमान सेन्सर जोडले, सगळे शेजारी-शेजारी ठेवले आणि रीडिंग घेतलं, की आकडे जुळत नाहीत हे लगेच दिसतं. एक २६.३१ दाखवतो, दुसरा २६.८१, तिसरा २६.१२. मग बहुतेक जण प्रत्येक सेन्सरला ठरावीक बेरीज-वजाबाकी लावून सगळ्यांना एका ओळीत आणतात आणि काम झालं असं समजतात.

निदान लगेच तरी हे करू नका. या फरकात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे सेन्सरच्या बनावटीतला फरक. तो बराचसा स्थिर असतो आणि वजाबाकीने खरोखर निघतो. दुसरी म्हणजे सेन्सरने काम करताना स्वतःच निर्माण केलेली उष्णता, म्हणजेच सेल्फ-हीटिंग. ती तुम्ही किती वेळा रीडिंग घेता, व्होल्टेज किती देता, हवा हलते की नाही आणि सेन्सर कशाला टेकलाय यावर बदलत राहते. दोन्ही एकाच आकड्यात कोंबल्या तर ती दुरुस्ती फक्त ज्या दिवशी, ज्या जागी, ज्या कोडने काढली तिथेच लागू पडते. म्हणून या लेखातला क्रम ठरलेला आहे: आधी सेल्फ-हीटिंग मोजायचं, मग ते कमी करायचं आणि शेवटी कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या तापमानाशी ताडून आकडा दुरुस्त करणं.

उदाहरणासाठी वन-वायर बसवरचा डीएस१८बी२० घेतो, कारण एकाच वायरवर अनेक सेन्सर म्हटलं की बहुतेकांच्या हाती तोच असतो. आयस्क्वेअरसी या दुसऱ्या प्रकारच्या बसवरच्या सेन्सरबद्दल पुढे स्वतंत्र लिहिलं आहे.

डेटाशीटमधले तीन आकडे वेगळे ठेवा

डेटाशीट, म्हणजे निर्मात्याचं माहितीपत्रक, सांगतं की डीएस१८बी२० चं रिझोल्यूशन १२ बिटला ०.०६२५ अंश आहे. म्हणजे आकडा तेवढ्या पायऱ्यांनी बदलतो, इतकंच. अचूकता उणे १० ते अधिक ८५ अंश सेल्सिअस या पट्ट्यात ±०.५ अंश आहे, आणि उणे ५५ ते १२५ हा पूर्ण पट्टा धरला तर ±२ अंश. तिसरा आकडा ड्रिफ्टचा, म्हणजे काळानुसार सरकण्याचा: ±०.२ अंश.

यातून निघणारी एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. दोन सेन्सर शेजारी ठेवले आणि त्यांच्यात ०.९ अंशांचा फरक आला, तरी दोन्ही चांगले असू शकतात. एक अर्ध्या अंशाच्या आत वर, दुसरा अर्ध्या अंशाच्या आत खाली. असा सेन्सर ‘खराब’ म्हणून फेकू नका, आणि दशांशानंतर चार अंक दिसतात म्हणून आकड्यावर विश्वासही ठेवू नका.

पहिली पायरी: किती उष्णता अपेक्षित आहे, ते कागदावर काढा

डीएस१८बी२० निवांत असताना साधारण पाऊण मायक्रोअँपिअर करंट घेतो. त्यातून निघणारी उष्णता विचारात घेण्याजोगी नाही. तापमान मोजायला सांगितलं, म्हणजे कन्व्हर्जन सुरू झालं, की हाच करंट १ मिलिअँपिअरवर जातो. कमाल मर्यादा १.५ मिलिअँपिअर. १२ बिटच्या एका कन्व्हर्जनला जास्तीत जास्त ७५० मिलिसेकंद लागतात. ११ बिटला ३७५, १० बिटला १८७.५ आणि ९ बिटला ९३.७५.

५ व्होल्टला १ मिलिअँपिअर म्हणजे ५ मिलिवॅट. आता ही उष्णता बाहेर पडायला किती अडथळा आहे ते पाहायचं. टीओ-९२ या तीन पायांच्या लहान काळ्या आवरणासाठी, स्थिर हवेत, औष्णिक रोध दर वॅटला २०० अंशांच्या आसपास धरला तर अंदाज बरा येतो. ०.००५ वॅट गुणिले २०० म्हणजे १ अंश. सेन्सरला एकामागून एक, न थांबता कन्व्हर्जन करायला लावलं तर स्थिर हवेत तो भोवतालापेक्षा सुमारे १ अंश वर जाऊन बसेल. ज्या सेन्सरची अचूकता अर्ध्या अंशाची आहे, त्याच्यासाठी ही दुप्पट चूक झाली.

दर १० सेकंदांनी एकच रीडिंग घेतलं तर कन्व्हर्जनचा वेळ एकूण वेळेच्या ७.५ टक्के होतो. वाढही त्याच प्रमाणात खाली येते: ०.०७५ अंश. मिनिटाला एक रीडिंग असेल तर १.२५ टक्के, म्हणजे ०.०१ अंशाच्या थोडं वर. या टक्केवारीला पुढे ‘ड्यूटी’ म्हणतो, कारण सगळा हिशेब तिच्याभोवती फिरतो.

सरासरी ड्यूटी चालते याचं कारण सेन्सरचं वजन. टीओ-९२ चं आवरण जेमतेम पाव ग्रॅमचं, आणि ते एक अंशाने तापवायला अंदाजे ०.२ ज्यूल लागतात. एका कन्व्हर्जनमधून फक्त ३.७५ मिलिज्यूल मिळतात, म्हणजे एका रीडिंगने सबंध आवरण ०.०२ अंशाच्या आसपासच तापतं. स्थिर हवेत टाइम कॉन्स्टंट, म्हणजे एकूण बदलाचे ६३ टक्के व्हायला लागणारा वेळ, ४० सेकंदांच्या घरात येतो. म्हणूनच सेन्सर चालू केल्यावर पहिली दोन-चार रीडिंग बरोबर असतात आणि आकडा पुढच्या दोन-तीन मिनिटांत हळूहळू वर चढतो. चालू केल्याबरोबर रीडिंग तपासून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याला हा दोष कधीच दिसत नाही.

हे सगळे आकडे अंदाजाचे आहेत. तुमच्या मांडणीत औष्णिक रोध निम्मा असू शकतो किंवा जास्तही. म्हणून पुढे मोजायचं आहे.

दुसरी पायरी: बसवर कोणाला काय सांगितलं जातंय ते तपासा

एकच सेन्सर असतो तेव्हा हा प्रश्न येत नाही. बसवर अनेक सेन्सर असले की येतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त न दिसणारी उष्णता इथेच तयार होते.

वन-वायर बसवर कन्व्हर्जन सुरू करण्याच्या दोन पद्धती आहेत. एकात आधी ‘मॅच रॉम’ आज्ञा आणि त्या सेन्सरचा ६४ बिटांचा पत्ता पाठवतात. मग ‘कन्व्हर्ट’ फक्त तोच ऐकतो. दुसऱ्यात ‘स्किप रॉम’ पाठवतात. मग बसवरचे सगळेच्या सगळे सेन्सर एकाच वेळी कामाला लागतात. दुसरी पद्धत उत्तम आहे. दहा सेन्सर असोत की वीस, ७५० मिलिसेकंदांत सगळे तयार, मग सावकाश एकेकाला वाचायचं.

घोटाळा होतो तो लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडमध्ये. अनेक स्केचमध्ये (आर्डुइनोच्या प्रोग्रॅममध्ये) रचना अशी असते: पहिला सेन्सर घ्या, तापमान मागवा, वाचा, दुसरा घ्या, तापमान मागवा, वाचा. आर्डुइनोच्या डॅलस-टेम्परेचर लायब्ररीतलं ‘रिक्वेस्ट टेम्परेचर्स’ हे फंक्शन स्किप रॉम वापरतं. म्हणजे दहा सेन्सरच्या एका फेरीत ते दहा वेळा बोलावलं, तर प्रत्येक सेन्सर एका रीडिंगसाठी दहा कन्व्हर्जन करतो. मिनिटाला एक फेरी असा तुमचा हिशेब असतो, ड्यूटी १.२५ टक्के धरलेली असते. प्रत्यक्षात ती १२.५ टक्के निघते. वाढ ०.०१२ ऐवजी ०.१२ अंश. फेऱ्या लागोपाठ चालू असतील तर ड्यूटी थेट १०० टक्क्यांच्या जवळ.

याची खूण अशी की बसवर सेन्सर वाढवत गेलात तसतसे सगळेच सेन्सर किंचित गरम दाखवू लागतात. नवा सेन्सर जोडल्याने जुन्याचं रीडिंग बदललं, तर केबलकडे बघण्याआधी लूप बघा. उपाय एका ओळीचा आहे: ‘रिक्वेस्ट’ लूपच्या बाहेर काढा, फेरीत एकदाच बोलवा, मग आत फक्त वाचा.

लिनक्सवर डब्ल्यूवन-थर्म ड्रायव्हर वापरत असाल तर तिथे ‘डब्ल्यूवन-स्लेव्ह’ फाइल वाचली की त्या एकाच सेन्सरचं कन्व्हर्जन सुरू होतं. म्हणजे उष्णतेचा प्रश्न तितका नाही, पण तीच फाइल दोन-तीन प्रोग्रॅम वेगवेगळे वाचत असतील तर प्रत्येक वाचनाला नवं कन्व्हर्जन होतं. आलेख काढणारा, अलार्म देणारा आणि डॅशबोर्ड, तिघांनी मिळून एकाच सेन्सरला राबवायचं असं होऊ देऊ नका. एकानेच वाचावं, बाकीच्यांनी त्याच्याकडून घ्यावं.

सरासरी काढण्याचाही असाच सापळा आहे. रीडिंगमधली थरथर (नॉईज) कमी व्हावी म्हणून लागोपाठ सोळा रीडिंग घेऊन सरासरी काढली, तर आकडा स्थिर होतो आणि सेन्सर बारा सेकंद सलग तापतो. थरथर गेली, चूक वाढली. सरासरी हवीच असेल तर ती अंतराअंतराने घेतलेल्या रीडिंगवर काढा.

तिसरी पायरी: सेल्फ-हीटिंग प्रत्यक्ष मोजा

इथे घाई नको. दोन तास लागतील, पण यानंतर तुमच्या आकड्यांबद्दल तुम्हाला ठाम बोलता येईल.

थर्मोकोलचा किंवा जाड पुठ्ठ्याचा खोका घ्या, ज्यात हवा हलणार नाही. आत दोन सेन्सर हवेत लटकते ठेवा. एकमेकांपासून वीसेक सेंटिमीटर लांब, खोक्याच्या भिंतीला न टेकता. एक ‘चाचणी’चा, दुसरा ‘साक्षी’. दोन्ही एकाच बसवर, दोन्हींना स्वतंत्र व्हीडीडी, म्हणजे वीजपुरवठ्याची, वायर. मायक्रोकंट्रोलर, रेग्युलेटर, पॉवर सप्लाय सगळं खोक्याबाहेर. वायफाय चालू असलेला ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर सहज काही शे मिलिवॅट उष्णता टाकतो; १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट करणारा लिनियर रेग्युलेटर ५० मिलिअँपिअरला ३५० मिलिवॅट जाळतो. सेन्सरच्या ५ मिलिवॅटचा शोध घेताना असले शेजारी जवळ नकोत.

कोडमध्ये स्किप रॉम पूर्ण बंद करा. दोन्ही सेन्सरना पत्त्यानेच हाक मारायची.

पहिला टप्पा अर्ध्या तासाचा: दोन्ही सेन्सर मिनिटाला एकदा वाचा. दुसरा टप्पा अर्ध्या तासाचा: चाचणीच्या सेन्सरला न थांबता कन्व्हर्जन करायला लावा, साक्षी मात्र मिनिटाला एकदाच. तिसरा टप्पा पुन्हा पहिल्यासारखा. प्रत्येक टप्प्यातली शेवटची पंधरा मिनिटं धरा, कारण सुरुवातीला आकडा सरकत असतो. आणि दरवेळी ‘चाचणी वजा साक्षी’ हा फरक काढा. खोलीचं तापमान दरम्यान वर-खाली झालं तरी ते दोघांनाही सारखं लागतं, म्हणून फरकात येत नाही.

समजा पहिल्या टप्प्यात चाचणीची सरासरी २६.३१ आणि साक्षीची २६.१९ आली. फरक ०.१२. दुसऱ्या टप्प्यात २७.०२ आणि २६.२५; फरक ०.७७. वाढ झाली ०.६५ अंश. तिसऱ्या टप्प्यात फरक पुन्हा ०.१२ च्या आसपास यायलाच हवा. आला नाही, तर खोक्यात दुसरं काहीतरी तापतंय किंवा तुम्ही पुरेसं थांबला नाहीत. तिसरा टप्पा गाळू नका. पहिल्या दोन टप्प्यांचा निष्कर्ष खरा की योगायोग, हे तोच सांगतो.

आता हिशेब. १०० टक्के ड्यूटीला ०.६५ अंश, तर १.२५ टक्क्यांना ०.००८ अंश. म्हणजे मिनिटाला एक रीडिंग घेणारा सेन्सर व्यवहारात थंडच आहे, आणि ०.१२ हा जो फरक उरला तो बनावटीतला खरा फरक. दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. तुमच्या मांडणीतला औष्णिक रोधही कळला: ०.६५ भागिले ०.००५, म्हणजे दर वॅटला १३०.

खात्री करायची असेल तर हीच चाचणी ३.३ व्होल्टवर पुन्हा करा. सेन्सरचा करंट फारसा बदलत नाही, त्यामुळे वाढ साधारण दोन-तृतीयांशावर आली पाहिजे. वाढ तितकीच राहिली तर उष्णता सेन्सरची नसून बाहेरून येते आहे.

दुसऱ्या टप्प्याकडून तिसऱ्याकडे जाताना आकडा कसा उतरतो तेही नोंदवा. मात्र त्या वेळी पहिली काही मिनिटं दर दहा सेकंदांनी रीडिंग घ्यावं लागेल, मिनिटाला एक पुरणार नाही. एकूण उताराचे ६३ टक्के उतरायला जितका वेळ लागतो तो तुमचा टाइम कॉन्स्टंट. स्टीलच्या नळीतल्या प्रोबमध्ये तो बराच मोठा येतो, कारण तापवायला धातू जास्त असतो. पण पृष्ठभाग मोठा असल्याने एकूण वाढ कमी असते. दोन्ही प्रकारचे सेन्सर एकाच बसवर असतील तर दोन्हींची चाचणी वेगवेगळी करा.

चौथी पायरी: वाढ कमी करा

सगळ्यात मोठा फायदा ड्यूटी कमी करण्यात आहे. खोलीचं, टाकीचं, जमिनीचं तापमान सेकंदाला बदलत नाही. मिनिटाला एक रीडिंग पुष्कळ झालं.

त्यानंतर व्होल्टेज. डीएस१८बी२० ३.० ते ५.५ व्होल्टवर चालतो. ३.३ वर चालवलात तर एक-तृतीयांश उष्णता फुकटात वाचते. लांब केबलवर मात्र शेवटच्या सेन्सरला ३.० च्या वरच मिळतंय ना, हे कन्व्हर्जन चालू असताना मल्टिमीटरने बघा. ३.० च्या खाली अचूकतेची हमी कुणीच देत नाही.

वेगाने रीडिंग हवीच असतील तर रिझोल्यूशन उतरवा. १० बिटला ०.२५ अंशाची पायरी मिळते आणि उष्णता चौथाईवर येते. पण रिझोल्यूशन बदलण्याची आज्ञा लूपमध्ये ठेवू नका. अनेक लायब्ररी ते मूल्य लगेच सेन्सरच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहून टाकतात, आणि डेटाशीट ५०,००० वेळा लिहिण्याचीच हमी देतं. सेकंदाला एकदा लिहिलं तर चौदा तासांत तेवढे आकडे भरतात.

मग जोडणी. हवा मोजत नसाल तर सेन्सर ज्या वस्तूचं तापमान मोजायचंय तिला थर्मल पेस्ट लावून घट्ट टेकवा. उष्णता वस्तूत निघून जाते आणि वाढ कित्येक पटींनी घटते. हवाच मोजायची असेल तर सेन्सरचे पाय सर्किट बोर्डावर आखूड ठेवू नका. तांब्याच्या पायांतून बोर्डाची उष्णता सरळ आत येते, त्यामुळे बोर्डावर उभा केलेला सेन्सर हवेपेक्षा बोर्डाचंच तापमान अधिक सांगतो. बारीक वायरने बाहेर काढा.

शेवटी, चालू सेन्सर एकमेकांना चिकटवून बांधू नका. दहाजणांचा जुडगा एकदम कन्व्हर्जन करतो तेव्हा आतल्याला बाहेरच्यांचीही उष्णता सोसावी लागते.

बसचा दोष आणि उष्णतेचा दोष ओळखायला शिका

यावर लोक फार वेळ घालवतात, म्हणून थोडं सविस्तर.

डिजिटल सेन्सरमध्ये तापमानाचा आकडा सेन्सरच्या आतच तयार होतो. केबल लांब आहे, सांधा जुना आहे, पुल-अप रेझिस्टर (डेटा वायरला सप्लायकडे वर ओढून धरणारा) चुकीचा आहे, यामुळे २६.३ चं २६.६ होत नाही. थर्मिस्टरमध्ये होतं, इथे नाही. बसचा दोष आला तर तो ठळक येतो: सीआरसी (डेटा बिनचूक आला का, हे तपासणारा आकडा) जुळत नाही, सेन्सर गायब होतो, लायब्ररी उणे १२७ दाखवते, किंवा ८५ दिसतं. म्हणून रीडिंग ०.३ अंशाने, गुळगुळीतपणे, सावकाश सरकत असेल तर केबल बदलत बसू नका. ती उष्णता आहे.

८५ हा आकडा डीएस१८बी२० चालू झाल्यावर, कुठलंही कन्व्हर्जन होण्याआधी, त्याच्या मेमरीत असतो. तो दिसला याचा अर्थ कन्व्हर्जन पुरं झालं नाही किंवा मध्येच वीज गेली. पॅरासाइट पॉवरवर, म्हणजे स्वतंत्र व्हीडीडी न देता डेटा वायरवरूनच वीज घेताना, हे हमखास होतं. गणित साधं आहे: ५ व्होल्ट आणि ४.७ किलोओहम पुल-अप यातून, वायर थेट जमिनीला (ग्राउंडला) लावली तरी, जेमतेम १ मिलिअँपिअर मिळतो. एकाच सेन्सरला दीड लागू शकतो; दहांना पंधरा. म्हणून पॅरासाइट पद्धतीत कन्व्हर्ट आज्ञेनंतर १० मायक्रोसेकंदांच्या आत मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) डेटा वायर थेट सप्लायला जोडावी लागते, आणि कन्व्हर्जन संपेपर्यंत बसवर दुसरं काही बोलता येत नाही. अचूकता महत्त्वाची असेल तर माझा आग्रह आहे की तिसरी वायर टाकाच.

०.०० या आकड्याकडेही संशयाने बघा. नऊच्या नऊ बाइट शून्य आले तर त्यांचा सीआरसी शून्यच येतो, म्हणजे तपासणी ‘बरोबर’ म्हणते. डेटा वायर वाचनाच्या मध्येच जमिनीला टेकली की नेमकं हेच होतं. बचाव सोपा: कॉन्फिगरेशन बाइट बघा. त्याचे खालचे पाच बिट खऱ्या सेन्सरमध्ये नेहमी १ असतात. ते शून्य दिसले तर रीडिंग टाकून द्या. बर्फात कॅलिब्रेशन करताना ही तपासणी नसेल तर तुटलेली वायर तुम्हाला सगळ्यात अचूक सेन्सर वाटेल.

बाजारात नकली डीएस१८बी२० भरपूर आहेत. त्यांचा करंट, कन्व्हर्जनचा वेळ आणि अचूकता यांपैकी काहीही डेटाशीटप्रमाणे असेलच असं नाही. तिसऱ्या पायरीतली चाचणी कागदावरच्या आकड्यांवर अवलंबून नाही, त्यामुळे ती यांच्यावरही चालते. एकाच खरेदीतले सेन्सर असले तरी दोन-तीन वेगवेगळे नमुने तपासा.

पाचवी पायरी: आता बर्फ

सेल्फ-हीटिंग वेगळं काढून झालं, की बनावटीतला फरक मोजायला शून्य अंशाचा बर्फाचा घोळ, म्हणजे बर्फ-पाण्याचं मिश्रण, हे घरच्या घरी मिळणारं सगळ्यात भरवशाचं साधन आहे. फक्त तो नीट करायला हवा.

पाण्याच्या पेल्यात बर्फाचे चार खडे तरंगत असतील तर तो बर्फाचा घोळ नव्हे. पाणी ४ अंशांच्या जवळ सगळ्यात जड असतं, त्यामुळे तळाशी ३-४ अंशांचं पाणी बसतं आणि वर शून्य. प्रोब तळाला टेकवलात तर चूक सेन्सरची नसून भांड्याची असते.

डिस्टिल्ड पाण्याचा बर्फ घ्या. तो बारीक कुटा. उष्णतारोधक भांडं तळापासून काठोकाठ कुटलेल्या बर्फाने भरा आणि मधल्या फटी भरतील इतकंच थंड डिस्टिल्ड पाणी घाला. बर्फ तरंगू लागला तर पाणी जास्त झालं, काढून टाका. पंधरा मिनिटं थांबा, ढवळा. बर्फ तळापर्यंत घट्ट असेल आणि पाणी शुद्ध असेल, तर हा घोळ शून्यापासून अंशाच्या शतांशापेक्षा फारसा हलत नाही. डीएस१८बी२० साठी ही गरजेपेक्षा जास्तच अचूकता आहे.

प्रोब किती खोल बुडवायचा? नळी आणि केबल बाहेरची उष्णता आत वाहून आणतात. नळीच्या व्यासाच्या निदान दहापट खोली ठेवा, आणि त्यात आतल्या सेन्सरची लांबी मिळवा. ६ मिलिमीटरच्या नळीला ६० मिलिमीटर अधिक सेन्सर, म्हणजे ७ सेंटिमीटर तरी. केबलचाही थोडा भाग बर्फात गुंडाळला तर आणखी चांगलं. उघडे टीओ-९२ सेन्सर असतील तर पाय आणि जोड हीट-श्रिंक नळीने जलरोधक करा, नाहीतर पाण्यातून गळणारा करंट वेगळंच संकट उभं करेल.

मिनिटाला एक या वेगाने वीस-पंचवीस रीडिंग घ्या. सरासरी ०.१९ आली, तर त्या सेन्सरची दुरुस्ती उणे ०.१९.

इथे सुरुवातीच्या मुद्द्याकडे यावं लागतं. बर्फाच्या घोळात सेन्सरची स्वतःची उष्णता पाण्यात झटकन निघून जाते. म्हणून इथे काढलेली दुरुस्ती फक्त बनावटीची आहे. तोच सेन्सर उद्या स्थिर हवेत, पूर्ण वेगाने वाचलात तर वरची ०.६५ अंशांची वाढ तशीच उरेल, आणि ‘बर्फात कॅलिब्रेट केलेला आहे’ हे लेबल त्याला वाचवणार नाही. उलटही खरं: हवेत, वेगाने वाचत असताना काढलेली दुरुस्ती पाण्यात लावली तर सेन्सर अर्ध्या अंशाहून जास्त थंड दाखवेल.

उकळत्या पाण्याचा बिंदू मी सुचवत नाही. उत्कलनबिंदू हवेच्या दाबावर बदलतो. १०० अंशांजवळ दर ३६ हेक्टोपास्कलला सुमारे एक अंश. त्यातून १०० अंश हा डीएस१८बी२० च्या ±०.५ च्या पट्ट्याबाहेर आहे. तिथली चूक २५ अंशांवरच्या चुकीबद्दल फारसं सांगत नाही. २५ किंवा ४० अंशांवर दुरुस्ती हवी असेल तर त्याच तापमानाचं ढवळतं पाणी घ्या आणि कॅलिब्रेशन प्रमाणपत्र असलेल्या एखाद्या थर्मामीटरशी तुलना करा. तो नसेल तर शून्यावरच्या दुरुस्तीवर समाधान माना, आणि दूरच्या तापमानाला तिच्यावर फार भार टाकू नका.

आयस्क्वेअरसी बसवर

इथे सेन्सर स्वतः बहुधा निर्दोष असतो आणि त्याची पाटी, म्हणजे तो बसवलेला छोटा बोर्ड, दोषी असते. टीएमपी११७ चं उदाहरण घ्या. अचूकता उणे २० ते ५० अंशांत ±०.१, आणि सेकंदाला एक रीडिंग घेताना सरासरी करंट साडेतीन मायक्रोअँपिअर. ३.३ व्होल्टला हे १२ मायक्रोवॅटही होत नाहीत. पण त्याच छोट्या बोर्डवर वीज दाखवणारा एलईडी असतो. १ किलोओहमच्या रेझिस्टरसह त्याला दीडएक मिलिअँपिअर धरा: ५ मिलिवॅट. सेन्सरच्या चारशेपट उष्णता, आणि सेन्सरपासून एका सेंटिमीटरवर! अचूक काम असेल तर तो एलईडी काढून टाका किंवा त्याच्याकडे जाणारी तांब्याची पट्टी कापा. मी तरी हा एलईडी पहिल्याच दिवशी काढतो.

पुल-अपचंही बघा. प्रत्येक बोर्डवर १० किलोओहमचे पुल-अप असतील आणि आठ बोर्ड एका बसवर असतील, तर समांतर जोडणीने ते १.२५ किलोओहम होतात. बस खाली ओढताना २.६ मिलिअँपिअर वाहतात. नेहमीच्या आयस्क्वेअरसीची मर्यादा ३ आहे. एका बोर्डवरचे पुल-अप ठेवा, बाकीचे काढा.

बरेच आयस्क्वेअरसी सेन्सर चालू केल्यावर आपोआप, सतत कन्व्हर्जन करत राहतात. तुम्ही वाचा किंवा वाचू नका, ते तापतात. एमसीपी९८०८ सतत २०० मायक्रोअँपिअर घेतो, ३.३ व्होल्टला ०.६६ मिलिवॅट, आणि २०० अंश प्रति वॅट धरला तर ०.१३ अंश. त्याची सर्वसाधारण (टिपिकल) अचूकता ±०.२५ आहे, म्हणजे निम्मा हिस्सा इथेच गेला. शटडाउन मोडमध्ये ठेवा, रीडिंगपुरता जागा करा, एक कन्व्हर्जन पुरं होऊ द्या, वाचा, पुन्हा झोपवा. टीएमपी११७ ला यासाठी वन-शॉट (एकदाच मोजून झोपण्याचा) मोडच आहे.

आर्द्रता मोजणाऱ्या एसएचटी३१ सारख्या सेन्सरमध्ये, तो नीट चालतोय ना हे तपासण्यासाठी, आत हीटर असतो. तपासणीसाठी तो चालू करून बंद करायचा राहिला, तर कुठलंही कॅलिब्रेशन उपयोगी पडत नाही. प्रोग्रॅम सुरू होताना हीटर बंद करण्याची आज्ञा नेहमी पाठवा. आणि बीएमई२८० मधला तापमान सेन्सर मुळात दाब-आर्द्रतेच्या दुरुस्तीसाठी आहे; भोवतालचं तापमान सांगायला तो वापरू नका.

नोंद कशी ठेवायची

प्रत्येक सेन्सरपुढे त्याचा ६४ बिटांचा पत्ता लिहा, नुसता क्रमांक नको. बस शोधताना सेन्सर पत्त्याच्या क्रमाने सापडतात, त्यामुळे नवा सेन्सर जोडला की ‘तिसरा’ हा चौथा होऊ शकतो आणि सगळ्या दुरुस्त्या एकमेकांच्या गळ्यात पडतात. पत्त्यापुढे बर्फातली दुरुस्ती आणि तारीख. त्यापुढे सेल्फ-हीटिंगची वाढ वेगळ्या रकान्यात, आणि ती कोणत्या व्होल्टेजला, किती बिटला, हवेत की पाण्यात, उघड्या सेन्सरवर की नळीतल्या, हे सगळं.

कोडमध्येही या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवा. बर्फातली दुरुस्ती आकड्यात मिळवा. सेल्फ-हीटिंगची वाढ आकड्यातून वजा करू नका. ड्यूटी इतकी कमी ठेवा की वजा करण्यासारखं काही उरणारच नाही. कारण पंखा लागला, खोक्याचं झाकण बदललं, सेन्सर भिंतीकडे सरकला की ती वाढ बदलते, आणि कोडला ते कळत नाही. ज्या दिवशी खोका, केबल, व्होल्टेज किंवा वाचनाचा वेग बदलाल, त्या दिवशी तिसरी पायरी पुन्हा करा. बर्फाची पायरी वर्षातून एकदा पुरते.